केशराची डबी, पाच हजारांचा ‘दंड’ आणि दबावाखाली केलेली सही

वाचकाचे पत्र

वकीलताई, स. न. वि. वि.

मी 61 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून नाशिकला राहते. तीन आठवड्यांपूर्वी धाकट्या नातीला घेऊन एका मोठ्या किराणा दुकानात गेले होते. आपणच वस्तू उचलायच्या आणि शेवटी पैसे द्यायचे, अशा पद्धतीचे ते दुकान आहे. नात रडू लागली म्हणून तिला कडेवर घेताना हातातली केशराची डबी खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकली आणि पुढे तिची आठवणच राहिली नाही. बाकीच्या सामानाचे 1,860 रुपयांचे बिल मी चुकते केले. दाराशी रक्षकाने अडवले तेव्हा पिशवीतून 385 रुपयांची ती डबी निघाली. मी लगेच पैसे देऊ केले, पण मला मागच्या खोलीत नेऊन दोन तास बसवून ठेवले, मोबाईल काढून घेतला आणि एका पुरुष रक्षकाने माझी पर्स टेबलावर उलटी केली. “पोलिसांना बोलावू, फोटो सगळीकडे जाईल,” अशा धमक्या देत “मी चोरी केली, पुन्हा करणार नाही,” असे माझ्याकडून लिहून घेतले. मग मोबाईल हातात देऊन त्यावरून 5,000 रुपये ‘दंड’ भरून घेतला आणि माझा फोटो काढला. तो फोटो आता पैसे घेण्याच्या काउंटरमागे चिकटवला असल्याचे शेजारणीने सांगितले. परवा दुकानातून फोन आला की वरिष्ठ कार्यालय गुन्हा दाखल करणार आहे, मिटवायचे असेल तर आणखी 10,000 रुपये द्या. घरी मी कोणालाही काही सांगितलेले नाही. मला तुरुंगात जावे लागेल का? निवृत्तिवेतन बंद होईल का? मुलगी दुबईला असते आणि पुढच्या महिन्यात पासपोर्टचे नूतनीकरण करायचे आहे. ते पैसे देऊन टाकावेत का?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, सर्वांत आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण त्यासाठी तुमच्याकडे वेळ थोडा आहे. ते दहा हजार रुपये देऊ नका. पहिले पाच हजार दिल्यानंतरही फोन आलाच, तसा दहा हजार दिल्यानंतरही येईल, आणि प्रत्येक वेळी दिलेली रक्कम ही तुम्ही गुन्हा मान्य केल्याची खूण म्हणून पुढे केली जाईल. त्या फोनचा क्रमांक, दिवस आणि वेळ आजच एका वहीत लिहून ठेवा, पैसे पाठवल्याची नोंद मोबाईलमधून पुसू नका आणि तो मोबाईल इतक्यात बदलूही नका.

आता तुमच्या भीतीच्या मुळाशी असलेला प्रश्न घेऊ, म्हणजे घडले ते कायद्याच्या दृष्टीने चोरी ठरते का. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, 2023 लागू झाली असून तिच्या कलम 303 मध्ये चोरीची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीशिवाय हलवणे एवढ्याने चोरी होत नाही, ती अप्रामाणिक हेतूने हलवलेली असावी लागते, आणि हा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या पक्षावर असते. डबी तुमच्या पिशवीत सापडली याबद्दल वाद नाही. ती पिशवीत कशी गेली, याचे उत्तर मात्र दुकानातल्याच कॅमेऱ्यात असणार. रडणारे मूल कडेवर, हात भरलेले, डबी उघडपणे पिशवीत टाकलेली, त्यानंतर जवळपास पाच पट रकमेचे बिल निमूटपणे चुकते केलेले आणि दाराशी विचारताच पैसे पुढे केलेले, असा क्रम त्या चित्रणात दिसत असेल तर तुमच्या बचावाचा त्याहून मोठा पुरावा दुसरा नाही. म्हणूनच ते चित्रण टिकवणे हे या क्षणी तुमचे पहिले काम आहे. अशा यंत्रणांमध्ये ठरावीक दिवसांनी जुने चित्रण पुसले जाऊन त्यावर नवे चढते, आणि तुमचे तीन आठवडे आधीच गेले आहेत.

शिक्षेविषयी सांगायचे तर कलम 303(2) नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंतचा कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र नव्या संहितेने इथे एक महत्त्वाची सवलत आणली आहे: चोरीच्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरलेला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची, म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम विनामोबदला करण्याची असते. त्याहूनही तुमच्या उपयोगाची गोष्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक, तपास आणि खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहे. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीचा गुन्हा तिथे अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवला आहे. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. ठाण्यात जी नोंद होते तिलाच लोक ‘एन. सी.’ म्हणतात. जामीनपात्र म्हणजे जामीन मिळणे हा तुमचा हक्क असतो, त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. 385 रुपयांच्या डबीसाठी तुम्हाला तुरुंगात टाकले जाईल, ही जी भीती दुकानाने तुमच्या मनात घातली तिला कायद्यात फारसा आधार नाही.

‘फारसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये राहत्या घरातून किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून केलेल्या चोरीसाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि तो गुन्हा मालाची किंमत कितीही असली तरी दखलपात्र व अजामीनपात्र आहे. घरफोड्यांच्या आणि गोदामांतल्या चोऱ्यांच्या जोडीने दुकानातल्या प्रकारालाही हे कलम लावण्याचा आग्रह तक्रारदाराकडून धरला जाऊ शकतो. ग्राहकाला आत येऊन माल स्वतःच्या हाताने उचलण्याचे उघड निमंत्रण जिथे असते, तिथे या कलमाचा हेतू लागू पडत नाही असे माझे मत आहे, पण हा मुद्दा न्यायालयात मांडावा लागतो. त्यामुळे पोलिसांकडून कसलाही कागद आला तर त्यावर कोणते कलम लिहिले आहे हे प्रथम पाहा. 303(2) आणि 305 यांच्यात तुमच्यासाठी फार मोठे अंतर आहे. कलम 305 लागले तरी लगेच अटक होते असे मात्र नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक खरोखर आवश्यक का आहे, याची कारणे पोलिसांना नोंदवावी लागतात आणि ती गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात हे स्पष्टपणे बजावले आहे. शिवाय अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि त्या अपवादातही महिला पोलीस अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. अटक झालीच तर तिचे कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे, वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणे बंधनकारक आहे.

आता त्या मागच्या खोलीकडे येऊ. तुमच्या पत्रातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे, आणि तुम्ही स्वतःला आरोपी मानत असल्यामुळे तो तुमच्या नजरेतून निसटला आहे.

दुकानाला आपला माल सांभाळण्याचा हक्क आहे. दाराशी थांबवून बिल पाहायला मागणे आणि न दिलेल्या पैशांची वस्तू परत घेणे यात गैर काही नाही. छोट्या-मोठ्या चोऱ्यांमुळे दुकानदाराचे नुकसान होते आणि कित्येकदा त्याचा भुर्दंड तुटपुंज्या पगाराच्या नोकरांना सोसावा लागतो, हेही मी पाहिले आहे. पण खासगी व्यक्तीला दुसऱ्याला पकडण्याचा जो अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 ने दिला आहे, तो फार मर्यादित आहे. गुन्हा त्या व्यक्तीच्या समक्ष घडलेला असावा, तो दखलपात्र असावा आणि अजामीनपात्रही असावा, या तिन्ही गोष्टी लागतात. पाच हजारांखालची चोरी या अटींत बसत नाही. समजा, दुकानाने कलम 305 चा आधार घेतला, तरी पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. तुमच्या बाबतीत दोन तासांत पोलिसांना एक फोनसुद्धा गेला नाही. यावरून दिसते ते एवढेच, की तुम्हाला तिथे बसवण्यामागचा उद्देश पोलिसांच्या हवाली करण्याचा नव्हता, पैसे वसूल करण्याचा होता.

एखाद्याला बेकायदा डांबून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम 127 खालील गुन्हा आहे; त्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तो दखलपात्र आहे. दंड करण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला असतो. काही दुकानांत “चोरी आढळल्यास दहापट दंड” अशा पाट्या दिसतात, त्यांना कायद्यात काडीचीही किंमत नाही. आणि फोटो पसरवण्याची भीती घालून पैसे काढणे याला कायद्याच्या भाषेत खंडणी म्हणतात. कलम 308 मध्ये खंडणीला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि बदनामी छापण्याची धमकी देऊन पैसे घेणे हे त्या कलमाखाली उदाहरण म्हणूनच दिलेले आहे. परवाचा दहा हजारांचा फोन याच सदरात मोडतो. काउंटरमागचा फोटो ही कलम 356 खालील अब्रुनुकसानी ठरू शकते, मात्र तिच्यासाठी पोलिसांकडे नव्हे तर स्वतः न्यायालयात खासगी तक्रार करावी लागते. पर्स उलटी करण्याचे म्हणाल, तर रक्षकाला तुमच्या संमतीवाचून झडती घेण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. अटक केलेल्या स्त्रीची झडतीसुद्धा दुसऱ्या स्त्रीनेच, सभ्यतेचे पूर्ण भान ठेवून घ्यावी, असे बंधन पोलिसांवर आहे. मग सुरक्षारक्षकाची काय कथा?

राहिला तो लिहून दिलेला कागद. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मुळे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण सुरक्षारक्षक किंवा व्यवस्थापक म्हणजे पोलीस नव्हेत. त्यामुळे त्यांच्यापुढे लिहून दिलेली कबुली न्यायालयासमोर येऊ शकते. म्हणूनच मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की पोलीस ठाण्यात जायला घाबरू नका, त्या मागच्या खोलीत जायला नकार द्या; ठाण्यात निदान तुमच्या बाजूने काही नियम असतात. अर्थात अशी कबुली हा दुबळा पुरावा मानला जातो आणि ती स्वेच्छेने दिलेली नव्हती असे दिसले तर तिच्यावर विसंबून शिक्षा होणे कठीण असते. पण त्यासाठी तुम्ही गप्प राहून चालणार नाही. “ते लेखन आणि ती रक्कम, दोन्ही मला डांबून ठेवून आणि धमकावून घेतली गेली, आणि ती मला मान्य नाहीत,” असे पत्र दुकानाच्या व्यवस्थापकाला व त्यांच्या मुख्य कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने या आठवड्यातच पाठवा. त्याच पत्रात त्या दिवसाचे सर्व कॅमेऱ्यांतील चित्रण, विशेषतः शेल्फांच्या मधल्या वाटेतील, दारातील आणि मागच्या खोलीच्या बाहेरील, जपून ठेवण्याची मागणी करा, फोटो काढून टाकायला सांगा आणि पाच हजार रुपये परत मागा. हे पत्र वकिलाच्या नावे गेले तर जास्त बरे.

वकिलाच्या खर्चाची काळजी वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा लागतो. 15100 या क्रमांकावरही माहिती मिळते. त्या दुकानात तुम्ही 1,860 रुपयांचे बिल भरलेले असल्यामुळे तुम्ही ग्राहक आहात, आणि पैसे परत मिळवण्यासाठी व मनस्तापाच्या भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाण्याचा मार्गही मोकळा आहे. ते बिल सांभाळून ठेवा.

निवृत्तिवेतन आणि पासपोर्ट यांच्याविषयीची चिंता मी थोडक्यात मिटवते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये निवृत्तीनंतरच्या सद्वर्तनाची अट आहे खरी, पण तिचा रोख गंभीर गुन्ह्यात दोषी ठरणे किंवा गंभीर गैरवर्तन यांवर आहे. दुकानदाराच्या फोनने किंवा ठाण्यातल्या एखाद्या नोंदीने निवृत्तिवेतन थांबत नाही. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 6 नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल, किंवा गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा झाली असेल, तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. आज तुमच्यावर यांपैकी काहीही नाही. अर्जात जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर द्या आणि नूतनीकरण ठरल्या वेळी करा. दुकानाने पुढे कधी तक्रार केलीच, तर कलम 303(2) साठी न्यायालयाने दखल घेण्याची मुदत घटनेपासून तीन वर्षे आहे हे लक्षात असू द्या. तुम्हाला डांबून ठेवल्याच्या गुन्ह्यासाठी ती मुदत एकाच वर्षाची आहे.

हे उत्तर वाचणाऱ्यांमध्ये असेही कोणी असेल, ज्याने खरोखरच वस्तू खिशात टाकली होती. त्याला मी वेगळे उपदेश करणार नाही, पण कायदा सांगते. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडले न जाण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 20(3) ने दोषी माणसालाही दिलेला आहे. तेव्हा रचून खोटे सांगण्यापेक्षा “वकील आल्यावर बोलेन,” एवढे म्हणणे शहाणपणाचे. कलम 303(2) खालील गुन्हा मालाच्या मालकाशी तडजोड करून मिटवता येतो आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो; मात्र ती न्यायालयापुढे नोंदवलेली असावी, मागच्या खोलीत पैसे देऊन मिटवणे याला तडजोड म्हणत नाहीत. कलम 305 ला ही सोय नाही. समाजसेवेची शिक्षा सौम्य असली तरी ती दोषी ठरल्यानंतरचीच शिक्षा आहे, तेव्हा ‘नुसते झाडू मारून सुटू’ अशा समजुतीने घाईने गुन्हा कबूल करणाऱ्या तरुणांनी आधी वकिलाला विचारावे, कारण दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे. प्रथमच चुकलेल्यांना अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 खाली ताकीद देऊन सोडता येते, आणि त्या कायद्याच्या कलम 12 मुळे अशा दोषसिद्धीने कोणतीही अपात्रता चिकटत नाही. हा मुद्दा खटल्याच्या वेळी वकिलाने आवर्जून मांडायला हवा. आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही, त्याचा निर्णय बाल न्याय मंडळ करते.

ताई, तुम्ही घरी कोणाला सांगितलेले नाही, असे लिहिले आहे. मला वाटते की निदान एका माणसाला, मुलाला किंवा सुनेला, हे आजच सांगावे, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. पुढचा फोन आला तेव्हा तुम्ही एकट्या असाल तर पुन्हा पैसे पाठवून मोकळ्या व्हाल, आणि ठाण्यात अर्ज द्यायला जाताना सोबत कोणीतरी असावेच. दुकानातून फोन आलाच तर “जे सांगायचे ते लेखी पाठवा,” एवढेच म्हणा, रागावू नका आणि स्पष्टीकरणही देऊ नका.

ज्या ठाण्याच्या हद्दीत दुकान आहे तिथे द्यायच्या अर्जात घटना क्रमाने लिहा: किती वाजता अडवले, कोणत्या खोलीत नेले, किती वेळ ठेवले, मोबाईल कोणी घेतला, पैसे कोणत्या खात्यावर किती वाजता गेले, फोन कोणत्या क्रमांकावरून आला. डबी पिशवीत कशी राहिली हेही लपवू नका, ते दोन वाक्यांत सरळ लिहा, म्हणजे पुढे कोणी ते तुमच्याविरुद्ध ‘उघडकीला’ आणू शकणार नाही. पण हा परिच्छेद आधी वकिलाला दाखवून मगच अर्ज द्या. ठाण्यात अर्ज घेतला नाही तर तोच मजकूर पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाला टपालाने पाठवता येतो, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख व घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय तिथून निघू नका.